बोटुकली सोडण्याआधी डोह आणि चढण राखा

आजरा तालुक्यातील हिरण्यकेशीकाठच्या एका गावातील तरुणांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांच्या काळी नदीत महाशीर, कोळशी, वाम असे मासे भरपूर मिळत. आता जाळ्यात बहुतेक तिलापियाच येतो. अमेरिकेत हौशी गळकऱ्यांनी ट्राउटच्या थंड नद्या पुन्हा जिवंत केल्याचे त्यांनी वाचले आहे. गावातून चाळीस हजार रुपये वर्गणी जमली असून त्यातून महाशीरची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, आणून नदीत सोडावी असा विचार आहे. किती सोडावी, कुठे सोडावी, कोणत्या महिन्यात सोडावी, महाशीरऐवजी ट्राउट जगेल का, आणि परवानग्या कोणत्या लागतील, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वांत महत्त्वाचे उत्तर आधी देतो: यंदा एकही बोटुकली सोडू नका. हे वाचून तुमचा विरस होईल याची मला कल्पना आहे, कारण मासे सोडण्याच्या कार्यक्रमाला सरपंच येतात, छायाचित्र निघते आणि वर्गणी देणाऱ्याला आपला पैसा डोळ्यांसमोर पाण्यात पोहताना दिसतो. मीही सुरुवात तशीच केली होती. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी पंचगंगेच्या एका उपनदीत प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आणलेले मत्स्यबीज मोठ्या उत्साहाने सोडले. पिशव्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवून आतले आणि बाहेरचे तापमान जुळू देण्याची काळजीसुद्धा आम्ही घेतली होती. पण त्या पिशव्यांत नेमके काय आहे हे आमच्यापैकी कोणालाही ओळखता येत नव्हते. दोन पावसाळ्यांनंतर त्या डोहात तिलापिया सापडू लागला. तो त्या पिशव्यांतूनच आला की दुसरीकडून, हे सिद्ध करता येणार नाही, परंतु मी तेव्हापासून ओळख न पटलेल्या बीजाला हात लावलेला नाही.

ट्राउटचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्या. त्याला पाणी बारमाही थंड लागते, साधारण वीस अंशांच्या वर तापमान गेले की तो अडचणीत येतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये उथळ पाण्याचे तापमान तिशीला टेकते. भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा उंचावरच्या पाण्यात टिकला, तोही बाहेरून आणून. आपला थंड पाण्याचा मासा म्हणजे महाशीर. उत्तराखंडातील भीमताल येथील शीतजल मत्स्यसंशोधन संस्थाही ट्राउटबरोबर महाशीरवर काम करते. दख्खनचा महाशीर हा मूळचा कृष्णेच्या खोऱ्यातला आहे. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. त्यांनी दख्खनी माशांना दिलेली खुड्री, कोलस, मुल्या ही नावे आपल्याच लोकांच्या तोंडून उचललेली आहेत, त्यामुळे गावातील म्हाताऱ्या भोयांकडून नावे लिहून घेताना शास्त्रीय पुस्तकाचा मूळ स्रोतच आपल्यासमोर बसला आहे असे समजावे.

ज्या अमेरिकन उदाहरणाने तुम्ही प्रभावित झालात, त्याचाच उरलेला भाग पाहा. मिशिगन राज्यातील ऑ सेबल नदीच्या काठी १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही गळकऱ्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांचा मुख्य आक्षेप हा होता की सरकार मत्स्यकेंद्रात वाढवलेले ट्राउट नदीत ओतते आणि नदीकडे दुर्लक्ष करते. पुढे माँटाना राज्यात डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर मोजणी केली. जिथे केंद्रातले मासे सोडणे थांबवले, तिथे नदीतच जन्मलेल्या ट्राउटची संख्या वाढत गेली, आणि जिथे नव्याने सोडायला सुरुवात केली तिथे ती घटली. पोसलेला मासा आडदांडपणे जागा बळकावतो, आधीच्या माशांची घडी विस्कटतो आणि स्वतः मात्र पहिल्या हिवाळ्यात बहुधा मरून जातो. १९७४ मध्ये त्या राज्याने ट्राउट स्वतः प्रजनन करत असलेल्या नद्यांत मासे सोडणे बंद केले. म्हणजे ज्यांचे अनुकरण करण्याची तुमची इच्छा आहे, त्यांनी मासे सोडण्याचा आग्रह सोडला तेव्हा त्यांच्या नद्या सुधारल्या.

आपल्या महाशीरचाही एक धडा आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे दख्खनच्या महाशीरचे कृत्रिम प्रजनन १९७० च्या दशकापासून यशस्वी झाले, ही भारतीय मत्स्यशास्त्रातील मोठीच कामगिरी होती. तेथील बीज सद्हेतूने कावेरीसह अनेक नद्यांना दिले गेले. कावेरीत तिचा स्वतःचा कुबडा महाशीर होता. पाहुणा तेथे फोफावला आणि यजमान दुर्मीळ झाला. या कुबड्या माशाची शास्त्रीय ओळख टोर रेमादेवी अशी २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. त्याच्या ऱ्हासाला वाळूउपसा, धरणे, सुरुंग अशी इतर कारणेही आहेत, पण एका नदीचा चांगला मासा दुसऱ्या नदीत उपद्रवी ठरू शकतो हे त्यातून दिसले. हिरण्यकेशीत दख्खनचा महाशीर परका नाही. तरीही दूरच्या केंद्रातील मोजक्या नर-मादीची हजारो पिल्ले आणून ओतली, तर इथल्या उरल्यासुरल्या माशांचा वंश त्यांत मिसळून जाईल. तुमच्या नदीच्या उगमाशी, आंबोलीत, महादेवाच्या देवळातील कुंडात २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही जगाला नवी असलेली बोटभर माशाची जात सापडली आणि २०२१ मध्ये ते स्थळ राज्य शासनाने जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. ज्या नदीत अजून नव्या जाती सापडत आहेत, तिच्यात बाहेरचे काही ओतण्याची घाई करू नये.

मग करायचे काय? डोह राखायचा आणि चढण, म्हणजे पहिल्या पावसात माशांचे ओढ्यांत वर चढणे, राखायची. यातल्या प्रत्येकावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण चाळीस हजारांचे खरे काम तिथे आहे.

पावसाळा सरला की सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची नदी हळूहळू आकसते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिचे रूपांतर डोहांच्या माळेत होते. डोहांमधले खळखळते पाणी बारीक होते, काही ठिकाणी तुटते. नदीतले सगळे मोठे, अंडी धरू शकणारे मासे तेव्हा दोन-चार खोल डोहांत गोळा झालेले असतात, आणि नेमके हे ज्याला ठाऊक असते तोच त्यांचा शेवट करतो. पूर्वी गेळाची फळे ठेचून पाण्यात टाकत; त्याने मासे गुंगून वर येत आणि वाहत्या पाण्यात काही सावरतही. आता ब्लिचिंग पावडर, कीटकनाशक, जिलेटिनच्या कांड्या आणि बॅटरीवर चालणारा करंट आला आहे, आणि त्यात बोटभर पिल्लापासून हातभर महाशीरपर्यंत काहीच वाचत नाही. एका रात्रीत एक डोह संपला, की जे नष्ट होते ते पुढच्या दहा वर्षांचे बीज. सुरुंग आणि विष यांवर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या मत्स्यव्यवसाय अधिनियमातही ती आहे. तथापि रात्री दोन वाजता डोहावर कायदा उभा नसतो, गावचा माणूस असू शकतो.

म्हणून सगळी नदी वाचवण्याची प्रतिज्ञा न करता एक डोह निवडा. तो गावापासून ऐकू येण्याच्या अंतरावर असावा, काठावर जांभूळ, करंज, उंबर यांची सावली असावी, आणि शक्य तर काठावर एखादे देऊळ असावे. देवळाचा उल्लेख मी भाबडेपणाने करत नाही. महाड तालुक्यातील वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावावर लोकांनी महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखला, आणि तिथे कोणत्याही खात्याचा पहारेकरी नव्हता. आपल्याकडे देवराई राखण्याची जी रीत आहे, तीच डोहाला लावायची. ग्रामसभेत ठराव करा, पण ठरावाआधी त्या डोहात वर्षानुवर्षे जाळे टाकणाऱ्या घरांशी बसून बोला. ही गोष्ट शहरातून आलेले कार्यकर्ते हटकून विसरतात. ज्याच्या घरची चूल त्या जाळ्यावर पेटते त्याला चोर ठरवून मासा वाचत नाही. त्याला राखणदार केले तर वाचतो, कारण मासा कुठे बसतो, कधी हलतो, आणि विष टाकणारा कोणत्या वाटेने येतो हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही माहीत नसते. आमच्या एका डोहावर आम्ही एप्रिल आणि मे असे दोन महिने अशाच दोघांना मानधन देऊन ठेवले होते. त्या दोन महिन्यांत आम्ही बाकी काही केले नाही, तरी पुढच्या वर्षी पिल्ले दिसली.

डोहाचा दुसरा शत्रू दिसत नाही, ऐकू येतो: काठावरच्या मोटारी. उसाला पाणी द्यायचेच आहे, त्याबद्दल शेतकऱ्याशी भांडण करू नये. पण डोहातल्या एका खडकावर रंगाची रेघ मारून, पाणी तिथवर उतरले की मोटारी दिवसाआड चालवायच्या, एवढी तडजोड बहुतेक ठिकाणी होते, विशेषतः फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या नळाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) उघडा पडण्याची भीती शेतकऱ्यालाही असल्यामुळे. त्या फूटव्हॉल्व्हवर बारीक जाळीची टोपी बसवून द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काठाच्या संथ पाण्यात थांबलेली किती पिल्ले मोटारीतून थेट उसाच्या सरीत जातात, हे पाहायचे असेल तर एक दिवस पाटाच्या तोंडाशी फडके धरून उभे राहावे.

आता चढण. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनी ओढे भरून नदीला मिळाले, की अंडी धरलेले मासे गढूळ पाण्याच्या उलट दिशेने ओढ्यांत, भातखाचरांत चढू लागतात. चढणीचे मासे हा आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांतला सणच आहे. एरवी मटणासाठी प्रसिद्ध असलेला आपला जिल्हा त्या आठवड्यात तांबड्या रश्शात मासाच शोधतो. मी स्वतः लहानपणी गुडघाभर पाण्यात उभा राहून असे मासे पकडले आहेत, त्यामुळे त्यावर सरसकट बंदी घाला असे मी म्हणणार नाही आणि म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. परंतु चढणारा मासा पोटात अंडी घेऊन जातो आणि उतरणारा रिकामा येतो, एवढा फरक लोकांना समजतो. म्हणून मागणी छोटी ठेवा: ओढ्याच्या मुखावर या काठापासून त्या काठापर्यंत आडवे जाळे किंवा बांध घालायचा नाही, आणि पहिल्या पाण्याचे आठ दिवस निवडलेल्या दोन ओढ्यांत कोणी उतरायचे नाही. दोनच ओढे, आठच दिवस. आम्ही हे सर्व ओढ्यांसाठी मागितले तेव्हा हसू झाले. दोनच मागितले तेव्हा ते पाळले गेले.

महाशीरची वेळ याहून थोडी उशिराची असते. तो पावसाळ्याच्या मधल्या-शेवटच्या महिन्यांत, एकदम न घालता टप्प्याटप्प्याने अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने त्याची अंडी संख्येने कमी, आकाराने मोठी, सोनेरी पिवळसर आणि जड असतात. ती वाहत्या पाण्यातल्या गोट्यांच्या फटींत बसतात. त्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिले तर तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात, आणि वरून गाळाचा थर बसला तर अंडी गुदमरतात. या कारणासाठी गोट्यांचे उथळ पट्टे हे नदीचे बाळंतघर आहे, आणि याच कारणासाठी पोकलेन लावून केलेल्या नदी-खोलीकरणाला माझा ठाम विरोध आहे. यंत्राने डोह आणि उथळ यांतला भेद पुसला, गोटे उचलून काठावर रचले आणि सरळसोट चर खणला, की त्या लांबीत पाणी कदाचित थोडे अधिक मावेल, मासा मात्र घर करणार नाही. तुमच्या गावात असा प्रस्ताव आला तर किमान उथळ पट्टे आणि काठावरची शेरणी व वाळुंजाची झुडपे वगळण्याचा आग्रह धरा. त्या झुडपांची मुळे काठ धरून ठेवतात आणि पुरात पिल्लांना आडोसा देतात. ती तोडून त्याजागी शोभेची झाडे लावण्याचे कार्यक्रमही मी पाहिले आहेत.

याच ठिकाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा विषय येतो, ज्याच्याविषयी माझे मत संमिश्र आहे. या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पावसाळ्यानंतर पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून नदी मोकळी करतात. कायमच्या भिंतीच्या धरणापेक्षा माशांच्या दृष्टीने ही रचना कितीतरी बरी, कारण चढणीच्या वेळी दार उघडे असते. निदान असायला हवे. बरगे काढायला आठवडाभर उशीर झाला आणि पहिला लोंढा आधी आला, तर चढायला निघालेला मासा बंधाऱ्याखाली अडून राहतो, आणि तिथे त्याला पकडायला सगळे गाव जमते. बरगे निघाल्यावरही खांबांच्या मधल्या गाळ्यांत जाळी बांधली जातात, हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार. पाटबंधारे विभागाच्या स्थानिक कार्यालयाला मेच्या पहिल्या पंधरवड्यातच पत्र देऊन बरगे काढण्याची तारीख विचारा, आणि त्या दिवशी मदतीला चार जण पाठवा. मदतीला गेलेल्या माणसांचे म्हणणे ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे.

बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्याने आणखी एक गोष्ट होते. महाशीर आणि कोळशी यांना वाहते पाणी आणि गोटे लागतात. तिलापियाला यातले काहीच लागत नाही. त्याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे संथ, गाळाच्या, कोमट पाण्यात तो बिनधास्त वाढतो. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा आज आपल्या जाळ्यात सर्वाधिक का येतो, याचे उत्तर त्याच्या आक्रमकपणाइतकेच आपण नदीचे तळे केले यातही आहे. तिलापिया किंवा बंदी असलेला आफ्रिकन मांगूर मिळाला तर तो पुन्हा पाण्यात सोडू नका, एवढे पुरे. नुसता तो पकडून नदी सुधारत नाही.

पाण्याच्या गुणवत्तेबाबत तुमचे गाव वरच्या अंगाला असल्यामुळे तुम्ही सुदैवी आहात. तिकडे पंचगंगेवर शहरांचे सांडपाणी, कापड प्रक्रियेचे पाणी आणि मळीमिश्रित पाणी यांमुळे उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात मासे तडफडून वर येतात. तिथले कारण समजून घेण्यासारखे आहे. वीस अंश तापमानाला एका लिटर पाण्यात साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची झोळी मुळातच लहान होते, त्यात सांडपाणी कुजताना जिवाणू आणखी प्राणवायू खातात, आणि बंधाऱ्याच्या तळाशी साठलेले काळे पाणी एकदम सुटले की खालच्या माशांना काही उरतच नाही. तुम्ही दर पंधरवड्याला सूर्योदयापूर्वी, म्हणजे प्राणवायू सर्वांत कमी असताना, डोहाचे तापमान आणि विरघळलेला प्राणवायू मोजून वहीत लिहा. महाशीरसाठी तो सहाच्या वर असावा. दुपारी मोजलेला आकडा शेवाळामुळे फसवा येतो. आम्ही पहिले वर्षभर दुपारीच मोजत होतो आणि खुशीत होतो. कधी मासे मेलेले दिसले तर आधी पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून वेळ लिहा, छायाचित्रे घ्या, आणि त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून पंचनाम्याची मागणी करा. दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात पुरावा उरत नाही.

परवानग्यांविषयी विचारले आहे. डोह राखायला परवानगी लागत नाही, परंतु कागद हवा. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बहुतेक गावांत ती कपाटात असते. ती बाहेर काढा, त्यात आपल्या नदीतल्या माशांची पाने भरा: स्थानिक नाव, शेवटचा कधी दिसला, कुठे, किती मोठा. वाम, मरळ, शिंगटी, मळ्या, खवली, कोळशी यांपासून सुरुवात करा. ओळखीसाठी छायाचित्रे शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील अभ्यासकांना दाखवता येतील. ही नोंद तीन वर्षे सलग झाली, डोह राखला गेला, चढण मोकळी राहिली आणि तरीही महाशीरचे एकही पिल्लू दिसले नाही, तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे जाऊन, याच खोऱ्यातील नर-मादीपासून तयार केलेल्या बीजाचा विचार करता येईल. माझा अंदाज आहे की ती वेळ येणार नाही.

चाळीस हजारांचा हिशेब असा मांडावा. मोठा वाटा एप्रिल-मेच्या दोन राखणदारांना द्यावा. त्यानंतर तापमापक, प्राणवायू तपासण्याचा संच आणि काठावरच्या मोटारींसाठी जाळीच्या टोप्या घ्याव्यात. डोहाच्या दोन्ही वाटांवर फलक लावावेत, त्यावर शिक्षेच्या कलमांऐवजी माशांची चित्रे आणि स्थानिक नावे असावीत. पुरात कोणीही पाण्यात उतरणार नाही हे तुमच्या तरुण मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ठरवून लिहून ठेवावे. जे पैसे उरतील ते पुढच्या एप्रिलच्या मानधनासाठी बँकेत राहू द्यावेत, आणि वर्गणीदारांना काही दाखवायचेच असेल तर दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, एका सकाळी त्यांना काठावर शांत बसवून उथळ पट्ट्यातली पिल्ले मोजायला लावावीत.